सत्राचा मंगळवार आणि आपली मीटिंग

(महासंघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्रीय समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या ताई त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी ते बोलल्याप्रमाणेच छापत आहोत. गटाच्या बैठकीत वाचून दाखवावं.)

मागं दाराजवळ लेकरं घेऊन उभ्या असलेल्या वहिनी, पुढं या, सतरंजीवर जागा आहे. लेकरू रडलं तरी चालेल, आजचा विषय त्याचाच आहे.

मघाशी अध्यक्षा ताई म्हणाल्या, आता आरोग्यावर दोन शब्द होतील. दोन शब्दांत काही माझं होणार नाही. पण जेवण लांबवणार नाही एवढं नक्की, कारण आमटीचा वास मलाही येतोय.

जुलै-ऑगस्टात मला महासंघानं एक काम दिलं होतं. आपल्या बीड जिल्ह्यात, आपल्याच प्रभागातल्या गावांत, लहान लेकरांच्या लसी चुकतात. त्या का चुकतात ते समजून घ्यायचं. आता हे कुणाला विचारायचं? एरवी आपण आईलाच विचारतो, "का गं, डोस का चुकवला?" आणि ती खाली मान घालून गप्प बसते. या वेळी मी ठरवलं की लस देणाऱ्यांनाच विचारू. म्हणून उपकेंद्राच्या सिस्टर, आशाताई, अंगणवाडीच्या ताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले एक डॉक्टर, अशा सगळ्यांकडं गेले. कुणी सत्र संपल्यावर बोललं, कुणी भाकरी खाता खाता, एका सिस्टर तर एसटीची वाट बघत फाट्यावर बोलल्या. नावं मी कुणाचीच घेणार नाही. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, त्यांची नोकरी अडचणीत यायला नको.

खरं सांगू का, जाताना माझ्या डोक्यात उत्तर तयारच होतं. समाजकार्याच्या कॉलेजात आम्ही प्रत्येक पेपरात एक वाक्य लिहायचो, "ग्रामीण भागात जनजागृतीचा अभाव आहे." ते लिहिलं की मार्क मिळायचे. पहिल्याच सिस्टरना मी म्हणलं, "मॅडम, जागृती कमी पडते ना?" त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जागृती? अगं, आता बाया मलाच विचारतात, पुढचा डोस कधी म्हणून. बायांना माहीत आहे. त्यांना यायला जमत नाही, आणि मला त्यांच्यापर्यंत जायला जमत नाही. मधल्या या फटीत लेकरू राहतं."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि माझं तयार उत्तर खोडलं.

आकडे फार सांगत नाही, दोनच सांगते. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी सगळ्या मूलभूत लसी पूर्ण झालेली मुलं देशात शंभरात साधारण ७६ निघाली. आपल्या महाराष्ट्रात त्याहून थोडी कमी, साधारण ७३-७४. आपण स्वतःला पुढारलेलं राज्य म्हणवतो म्हणून हे सांगितलं. त्याआधीच्या पाहणीपेक्षा हा आकडा बराच वाढला आहे, म्हणजे काम झालंय. पण शंभरातली चोवीस-पंचवीस लेकरं अजून राहतात. ती कुठली? सिस्टर म्हणाल्या, "गावात रोज दिसणारं लेकरू सहसा राहत नाही. जे दिसत नाही ते राहतं."

आता सत्राच्या दिवशी काय होतं ते बघा, कारण मलाही हे नीट माहीत नव्हतं. आपल्याला दिसतं ते एवढंच की सिस्टर येतात, खुर्चीवर बसतात, सुई टोचतात. पण ती लस सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून निघते. तिथं ती २ ते ८ अंश तापमानात ठेवलेली असते. निळ्या-पांढऱ्या डब्यात चार बाजूंनी बर्फाचे चार पॅक, मधे लस. तो डबा मोटारसायकलवर आपल्या गावी येतो. वाटेत पूल वाहून गेलेला असला, गाडी पंक्चर झाली, की सगळं तिथंच अडतं. काही लसींच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो, त्याच्याभोवती गोल. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती बाटली बाद. पुढच्या वेळी सिस्टरना म्हणा, "दाखवा ना तो चौकोन." त्यांना राग येणार नाही, उलट बरं वाटेल. मला त्यांनी चार बाटल्या हातात देऊन दाखवल्या.

गोवर-रुबेलाची आणि बीसीजीची लस पावडरच्या रूपात येते. ती पाण्यात मिसळली की चार तासांच्या आत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. एका बाटलीत अनेक लेकरांचे डोस असतात. समजा तुम्ही एकट्याच दुपारी एक लेकरू घेऊन आलात. नियम असा आहे की एका लेकरासाठीसुद्धा बाटली उघडायची. पण वर हिशोब द्यावा लागतो, इतके डोस वाया का गेले म्हणून. एका सिस्टरनी प्रामाणिकपणे कबूल केलं, "पूर्वी मी म्हणायचे, पुढच्या वेळी या, अजून लेकरं जमली की देऊ. आता नाही म्हणत. कारण 'पुढच्या वेळी या' म्हणलेलं लेकरू मला परत दिसलंच नाही असं दोनदा झालं." म्हणून सांगते, नऊ महिन्यांचं लेकरू घेऊन गेलात आणि कुणी परत पाठवायला लागलं, तर अदबीनं पण ठामपणे म्हणा, "मॅडम, एकासाठी पण उघडता येते ना?" त्यात भांडण नाही. आपण नियमच सांगतोय.

आता माझ्या चुकीकडं येते. हे बोलायला मला जड जातंय, पण मी ज्या ताईंची गोष्ट सांगणार आहे त्या इथं बसल्या आहेत आणि त्यांनीच मला म्हणलं, "सांगा मॅडम, दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू वाचंल."

एका गावी सिस्टर मला म्हणाल्या, "तुमचा गट फार शिस्तीचा आहे हं." मी खूश झाले. मग त्या म्हणाल्या, "तुमची मीटिंग दुसऱ्या मंगळवारी अकरा वाजता असते. माझं सत्रही दुसऱ्या मंगळवारीच. तुमच्या मीटिंगला नाही आलं तर दंड आहे. माझ्या सत्राला नाही आलं तर कुणी दंड घेत नाही. मग बाई कुठं जाईल?"

मला काही बोलताच येईना. त्या गटाचा दंडाचा नियम मीच लिहून दिला होता. गैरहजेरीला वीस रुपये. वसुली वेळेत व्हावी म्हणून. नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं, हजेरी शंभर टक्के झाली की गट बळकट होतो.

घरी येऊन मी त्या गटाचं इतिवृत्त काढलं. गेल्या ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार. त्या ताईंची सही आहे. त्यांची धाकटी त्या वेळी नऊ महिने पूर्ण होऊन पाच दिवसांची होती, म्हणजे गोवराचा पहिला डोस त्याच दिवशी मिळाला असता. अंगणवाडी आणि आपली मीटिंग यांच्यात फार तर दोनशे पावलं. ताई म्हणाल्या, "हप्ता भरायचा होता, दंड नको म्हणून आधी मीटिंगला आले, मीटिंग लांबली, तिकडं गेले तर सिस्टर डबा बांधून निघालेल्या. म्हणलं पुढच्या महिन्यात देऊ." पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्या कारखान्यावर होत्या.

जानेवारीत फडावरच्या कोप्यांमध्ये गोवर आला. शेजारच्या कोपीतल्या पोराला आधी, मग या लेकीला. गोवर किती पसरतो ठाऊक आहे का? लस न घेतलेल्या वस्तीत एका लेकरापासून बारा ते अठरा जणांना होऊ शकतो. पाचटाच्या कोप्या, एकमेकींना चिकटून, त्यात काय अडणार. अंगावर पुरळ आलं तेव्हा टोळीतल्या म्हाताऱ्या बायांनी कडुनिंब बांधला, देवी आली म्हणून डोक्याला तेल लावू दिलं नाही, दवाखान्यातही नेऊ दिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही, माझ्या आजीनंही माझ्या वेळी हेच केलंय. चौथ्या दिवशी लेकराला धाप लागली. गोवरातून न्यूमोनिया झाला होता. मुकादमाकडून आणखी उचल घेऊन त्यांनी खाजगी दवाखाना केला. लेकरू वाचलं. पण एक कान वाहायला लागला, तो अजून अधूनमधून वाहतो. आणि ती उचल या वर्षीच्या हिशोबात चढली आहे. म्हणजे त्यांना या वर्षी पुन्हा जावंच लागणार.

वीस रुपयांचा दंड. मी तेवढंच म्हणते आणि पुढं जाते.

कारखान्याला जाणाऱ्या घरांचं गणित वेगळं आहे, ते आशाताईंनी मला पाटीवर खडूनं मांडून दाखवलं. मला वाटतं आपल्या भागासाठी हाच मुख्य मुद्दा आहे, म्हणून थोडा वेळ घेते. आपली माणसं दसरा-दिवाळीनंतर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये येतात. लसीचं वेळापत्रक सगळ्यांना माहीत आहे तरी एकदा म्हणते. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत काविळीची लस. मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला, आणि त्याच वेळी जीवनसत्त्व 'अ' चा डोस. दीड वर्षाच्या आसपास, म्हणजे १६ ते २४ महिन्यांत, गोवर-रुबेलाचा दुसरा आणि बूस्टर. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर अजून एक बूस्टर.

आता फेब्रुवारीत फडावर जन्मलेलं लेकरू घ्या. कोपीत बाळंतपण झालं तर जन्माच्या लसी गेल्या. दीड महिना मार्चअखेर होतो, तेव्हा पट्टा पडायचा असतो, सगळी घाई असते, तीही गेली. एप्रिलमध्ये गावात आल्यावर पहिल्यांदा सिस्टरला दिसतं. पावसाळ्यात पेंटाचे तिन्ही डोस होतात, चला बरं झालं. आणि नऊ महिने कधी पूर्ण होतात? नोव्हेंबरमध्ये. गाडी भरून गेल्यावर. परत येतं तेव्हा सव्वा वर्षाचं असतं. म्हणजे गोवराच्या दृष्टीनं लेकरू सबंध हिवाळा उघडं, तेही दाटीच्या कोप्यांत. आशाताई म्हणाल्या, "मॅडम, आमचं लेकरू जन्मालाही तिकडं आणि नऊ महिन्यालाही तिकडं. दोन्ही वेळा चुकामूक."

त्या टोकाला काय होतं ते कळावं म्हणून मी कारखान्याच्या भागातल्या एका सिस्टरशी फोनवर बोलले. आधी वाटलं त्या टाळतील. त्या अर्धा तास बोलल्या. "तुमची माणसं पहाटे तीनला फडात जातात. मी दहाला सत्र लावते. कोपीवर कोण असतं? म्हातारी आणि मोठी बहीण. म्हातारी म्हणते, तिची आई नाही, मी हात लावू देणार नाही. तिचंही बरोबर आहे. आणि कार्ड विचारलं तर म्हणतात, गावाकडं पत्र्याच्या पेटीत आहे. आता याला कोणता डोस झाला, कोणता राहिला, मी कशावरून ठरवू?" मी विचारलं, मग काय करायला हवं? म्हणाल्या, "दोन गोष्टी. सत्र बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी कोपीवर लावायची मला परवानगी मिळावी, त्यासाठी मी वर लिहिलंय. आणि तुम्ही तिकडून कोणत्या कारखान्याच्या कोणत्या टोळीत किती लहान लेकरं आली ते आधी कळवा. मला टोळी येऊन महिना झाला की कळतं. मुकादमाला पहिल्या दिवशी कळतं."

हे ऐकताना मला एकदम आठवलं की ही यादी आपल्याकडं असतेच! कोण कधी जाणार, कुणाचा हप्ता सहा महिने कोण भरणार, कुणाच्या घराची चावी कुणाकडं, हे सगळं आपल्या गटाच्या सचिवाच्या वहीत असतं. सरकारकडं नसलेली यादी आपल्याकडं आहे, आणि आपण ती फक्त कर्जासाठी वापरतो.

कार्डाचंही तसंच. आशाताईंची एक तक्रार मी सगळीकडं ऐकली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. कार्ड माहेरच्या आशाताई काढतात. दोन-तीन महिन्यांनी सून सासरी येते आणि कार्ड माहेरच्या फडताळात राहतं. माहेरची आशा म्हणते, लेकरू गेलं. सासरची म्हणते, माझ्या यादीत नाही. एसएमएस येतो तो नवऱ्याच्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम त्यानं कधीच फेकून दिलेलं असतं. आता यू-विन नावाच्या ऑनलाइन नोंदीत लेकराची माहिती भरली जाते, त्यामुळं दुसऱ्या गावी पण नोंद दिसायला हवी. पण सिस्टर म्हणतात, रेंज नसली की आधी रजिस्टर, मग रात्री घरी बसून मोबाइल. म्हणून कागदाचं कार्ड जपायचंच. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, स्वतःच्या फोनमध्ये ठेवा आणि गटाच्या सचिवालाही पाठवा. फोन नसेल तर सचिवाच्या फोनमध्ये राहू द्या.

आणि हे नीट ऐका, कारण यावरून फार गैरसमज आहे. डोस चुकला म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. जिथं थांबलं तिथून पुढं. दोन डोसांत किमान चार आठवडे पाहिजेत, जास्त झाले तर पुढचा डोस लगेच घ्यायचा. गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत देतात. मात्र बीसीजी आणि पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू व्हावा लागतो. म्हणून "आता उशीर झाला, जाऊ दे" असं घरच्या घरी ठरवू नका, सिस्टरला ठरवू द्या. तुमचं कार्ड कुठल्याही गावच्या सरकारी सत्रात चालतं, पैसे लागत नाहीत, रहिवासी दाखला लागत नाही.

तापाचं थोडक्यात. पेंटानंतर ताप येतो, पाय सुजतो, लेकरू रात्रभर किरकिर करतं. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणतात, चांगलं हसतं-खेळतं लेकरू आजारी पाडून आणलं. मग पुढचा डोस बंद. सिस्टर म्हणाल्या, "ताप येईल हे मी आधी सांगितलं तर पुढच्या वेळी आई येते. न सांगता ताप आला तर येत नाही." खरं तर चार गोष्टी सांगायच्या हा त्यांचा नियमच आहे. कोणती लस आणि कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, पुढं कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून बरोबर आणायचं. पण चाळीस लेकरं आणि एक सिस्टर असली की चारातल्या दोनच राहतात. म्हणून विचारा. आणि टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा. कसली घाई असली तरी बसा. काही झालंच तर सिस्टर समोर असतात.

आता थोडं सिस्टरांना बोचेल असंही बोलते. त्यातल्या दोघी आज इथं आल्या आहेत, त्यांनी रागावू नये. मी आयांशीही बोलले. कितीतरी जणी म्हणाल्या, "एक डोस चुकला होता, गेले तर चारचौघांत ओरडल्या. परत तोंड दाखवायला लाज वाटली." म्हणजे एक डोस चुकला तो कामामुळं, पुढचे चुकले ते ओरड्यामुळं. हे मी सिस्टरना सांगितलं. एक म्हणाल्या, "खरंय, मी ओरडते. दोन उपकेंद्रं माझ्याकडं आहेत, एक पद रिकामं आहे, सकाळपासून चहा नसतो, मग जीभ घसरते." दुसऱ्या मात्र माझ्यावरच चिडल्या, "तुम्ही या खुर्चीवर एक दिवस बसा." मी बसले. पुढच्या सत्राला सकाळी साडेनऊ ते तीन. अंगणवाडीला कुलूप, चावी सापडेना, टेबल नाही, शाळेचा बाक उचलून आणला. प्यायला पाणी मी समोरच्या घरातून मागितलं. तीन वाजता मलाही एका आईवर खेकसावंसं वाटत होतं. त्या सिस्टरची मी मनातल्या मनात माफी मागितली, पण ओरडा चुकीचा हे माझं मत तरी बदललं नाही.

आशाताईंचं तर काय सांगावं. केंद्राच्या निकषाप्रमाणं लेकराच्या पहिल्या वर्षाच्या लसी पूर्ण केल्या की त्यांना शंभर रुपये मिळतात. एका लेकरामागं वर्षभराच्या फेऱ्या मोजा म्हणजे कळेल. एक आशाताई हसून म्हणाल्या, "शंभर रुपयांत चपलाही येत नाहीत, आणि लसीकरणात चपला फार झिजतात."

आपल्या वयाच्या मोठ्या बायांना आठवत असेल, १९९५ पासून पोलिओच्या रविवारी सगळं गाव कसं हलायचं. शिक्षक, पोस्टमन, कॉलेजची पोरं, घरावर खडूच्या खुणा. देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये आपल्या भागाला पोलिओमुक्त जाहीर केलं. डॉक्टर म्हणाले, "पोलिओला गाव आमच्यामागं होतं. रोजच्या लसीला मी, सिस्टर आणि आशा, एवढेच." २०२२ मध्ये मुंबईत आणि मालेगाव, भिवंडीकडं गोवराची साथ आली, लेकरं दगावली. तेव्हा टीव्हीवर सगळे दोन महिने बोलले, मग थांबले.

आपल्या कार्यकारिणीनं या महिन्यात काय ठरवलं ते सांगते. सगळं माझ्या डोक्यातलं नाही, बरंचसं त्यांनी सांगितलेलं.

ज्या गावी गटाची बैठक आणि सत्र एकाच दिवशी येतं, तिथं बैठकीची तारीख बदलायची. मी मोजलं, आपल्या प्रभागात अशी सहा गावं आहेत. दोन गावांनी तर वेगळीच शक्कल काढली, बैठक अंगणवाडीच्या ओसरीवरच घ्यायची, सत्र संपल्यावर लगेच. मला ती जास्त आवडली. आणि लेकराला लस द्यायला गेलेल्या बाईला दंड नाही, हे नियमावलीत लिहून घ्या. माझ्या हातानं लिहिलेला जुना नियम मीच खोडून देईन, वही पाठवा.

दुसरं, महालक्ष्म्या झाल्या, आता दसऱ्याच्या आत प्रत्येक गटानं जाणाऱ्यांची यादी काढायची. लेकराचं वय, कोणता डोस बाकी, कारखाना कोणता, मुकादमाचा नंबर. ती यादी आशाताईंकडं द्यायची, त्या सिस्टरकडं देतील, सिस्टर तिकडच्या सिस्टरला. जाण्याआधी एक जादा सत्र लावायची डॉक्टरांनी तयारी दाखवली आहे. यादी मिळाली तरच, असंही ते म्हणाले. ज्या लेकरांचे नऊ महिने जाण्याआधी पूर्ण होतात, त्यांचा डोस गाडी भरायच्या आधी झालाच पाहिजे.

रिकाम्या पदांचं आपल्या हातात नाही. पण ग्रामसभा आपल्या हातात आहे. तीन गावांनी येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचं कबूल केलंय, उपकेंद्राला सिस्टर द्या आणि सत्राच्या जागेला टेबल, पाणी, चावी द्या. टेबल आणि चावीला तर ठरावाचीही गरज नाही, सरपंचांना घरी जाऊन सांगा. पद भरलं जाईल का, याबद्दल मी खोटा शब्द देणार नाही.

एका मावशीनं मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, "हे पुरुषांना का सांगत नाही?" मावशी, प्रश्न बरोबर आहे. टायरगाडी ते चालवतात, सत्राला सोडायला गाडीही त्यांचीच. पुढच्या महिन्यात मुकादमांची एक बैठक घेतोय, त्यात तुम्ही बोलायचं, मी बाजूला बसेन.

बस्स, जेवणाची वेळ झाली. ज्यांनी लेकराचं कार्ड आणलंय त्यांनी मागच्या निळ्या टेबलावर दाखवा, सिस्टर दोन वाजेपर्यंत थांबल्या आहेत. कार्ड आणलं नसेल तरी लेकराचं नाव आणि जन्मतारीख सांगून जा. आणि पंगतीत आधी त्या दोघींना वाढा, त्या सकाळी आठपासून इथं आहेत.